कटआउटवरचा माणूस आपला कोण लागतो?

विश्वचषक असो, एखादी मालिका संपत आलेली असो, नाहीतर कुणा नटाच्या लग्नाचे फोटो फिरायला लागलेले असोत, वाचकांच्या पत्रांचा रोख ठरलेला असतो. 'मुलगी दहावीला आहे आणि दिवसभर त्या रीलवाल्याचंच चाललेलं असतं, हे वेड म्हणायचं का?' 'मालिका संपली तेव्हापासून आईचं कशात लक्ष नाही.' 'मी संसारी माणूस, नोकरी आहे, दोन पोरं आहेत, तरी मेस्सी हरला की दोन दिवस कुणाशी बोलवत नाही. माझं काही बिघडलंय का?' आणि अधूनमधून एखादं, बिचकत लिहिलेलं: 'त्यांच्या मॅनेजरनं पैसे मागितले, मी पाठवले. आता काय करू?'

पहिल्या तिघांना बहुतेक वेळा 'काही बिघडलेलं नाही' हेच उत्तर असतं. चौथ्यानं आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन लावावा, लेख नंतर वाचला तरी चालेल.

आवडत्या कलाकारात किंवा खेळाडूत किती जीव गुंतला आहे, यावरून फारसं काही ठरत नाही. तो माणूस तुम्हाला घराबाहेर, माणसांत, कामाकडे ढकलतो की खोलीत एकटं बसवून ठेवतो, हे बघायला हवं. पुढचं सगळं या एका कसोटीवर आधारलेलं आहे.

सिद्धांत लागेल तेवढाच

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी 'अटॅचमेंट'चा, म्हणजे माणसाच्या माणसाला धरून राहण्याचा, सिद्धांत मांडला. त्यावरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६९ साली आला. तान्हं मूल ज्या माणसाला धरून असतं, त्या नात्याच्या चार खुणा सांगितल्या जातात:

- त्या माणसाच्या आसपास राहावंसं वाटतं.
- भीती वाटली, लागलं-खुपलं की त्याच्याकडेच धाव घेतली जाते.
- तो पाठीशी आहे या भरवशावर मूल पुढे सरकतं, नवीन जागा धुंडाळतं.
- तो दिसेनासा झाला की जीव कासावीस होतो.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि बाळं यांचं निरीक्षण करून दाखवलं की सगळी मुलं सारखी धरून राहत नाहीत. काही निश्चिंत असतात. काही सतत धास्तावलेली असतात, आई परत आली तरी त्यांचं समाधान होत नाही. काही अंग राखून असतात, जणू गरजच नाही असं दाखवतात. पुढे १९८७ मध्ये हेझन आणि शेवर या अमेरिकी संशोधकांनी हीच मांडणी मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली.

पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या एकतर्फी नात्याला 'पॅरासोशल' हे नाव त्याआधीच, १९५६ साली, हॉर्टन आणि वोल यांनी दिलं होतं. दूरचित्रवाणीवरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि घरबसल्या प्रेक्षकाला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय. दोन्ही धागे जोडून पाहिले कोल आणि लीट्स यांनी, १९९९ मध्ये. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्यावर त्यांना दिसलं की नात्यांत धास्तावलेली माणसं आवडत्या टीव्ही पात्राशी जास्त घट्ट जोडली जातात, अंग राखून राहणारी सर्वात कमी, आणि निश्चिंत माणसं मधे कुठेतरी. हे पटण्यासारखं आहे. ज्याला नकाराची धास्ती आहे त्याला नकार न देणारा माणूस हवाच असतो, आणि पडद्यावरचा माणूस कुणालाच नकार देत नाही.

इथंच थांबा. यावरून 'मुलगी नटामागे लागली म्हणजे लहानपणी आपलं चुकलं' असा निष्कर्ष काढून स्वतःला दोष देणारे आई-वडील पुष्कळ भेटतात. तो निष्कर्ष या अभ्यासांतून निघत नाही. हा कल आहे, निदान नव्हे. निश्चिंत स्वभावाची माणसंही कुणाची ना कुणाची चाहती असतातच. मोबाइलवर दहा प्रश्नांत 'तुमची अटॅचमेंट स्टाइल ओळखा' म्हणणाऱ्या चाचण्यांवर तर मुळीच जाऊ नका. त्यातून मिळालेलं लेबल पोरं वर्षानुवर्षं मिरवतात आणि 'मी अशीच आहे' म्हणून हातपाय गाळतात.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची

वरच्या चार खुणांपैकी पहिली, दुसरी आणि चौथी कुठल्याही चाहत्यात सापडेल. फोटो जवळ ठेवणं, मन उदास झालं की त्याचंच गाणं लावणं, तो निवृत्त झाला की रडू येणं, यात काळजीचं काही नाही. विचारायचं ते तिसरीबद्दल. त्या माणसाच्या भरवशावर तुम्ही काही करायला बाहेर पडता का?

याचं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलं उदाहरण ताजं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्यानं कांस्यपदक मिळवलं. आपला आदर्श महेंद्रसिंह धोनी आहे, हे त्यानं उघड सांगितलं आहे. धोनीसारखाच तोही रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि मैदानावरचा धोनीचा थंडपणा त्याला नेमबाजीसाठी हवा होता. खेळ वेगळा, मैदान वेगळं. तरीही त्या एकतर्फी नात्यातून त्यानं स्वतःच्या कामाला लागणारी एक गोष्ट उचलली आणि ती घेऊन तो रेंजवर गेला. आवडत्या माणसाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या बाबतीत हे पाहायला पुढचे प्रश्न कामी येतील. गुण द्यायचे नाहीत. खरी उत्तरं द्यायची, एवढंच.

- गेल्या महिन्यात या कलाकारामुळे तुम्ही नवीन काय केलंत? काही शिकलात, कुठं गेलात, कुणाशी ओळख झाली?
- वाईट बातमी आली, भांडण झालं, पेपर अवघड गेला, तेव्हा पहिली धाव कुणाकडे? माणसाकडे की मोबाइलकडे? मोबाइल दुसरा असेल तर हरकत नाही. तो एकमेव असेल तर थांबून विचार करा.
- त्याच्याबद्दल तुम्ही कुणाशी मोकळेपणानं बोलता, की लपवता?
- त्याच्यापायी झोप, अभ्यास, ड्युटी, घरखर्च यांतलं काय मोडलं?
- त्याला आपण माहीत आहोत, तो आपल्यालाच खुणावतोय, असं वाटतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरोखर 'हो' असेल तर लेखातले घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना भेटा. चाहत्यांच्या वृत्तीवर २००२ मध्ये मॅकचन आणि सहकाऱ्यांनी पायऱ्या मांडल्या: करमणूक आणि गप्पांपुरती आवड, मग खासगी आणि तीव्र ओढ, आणि शेवटी भान सुटण्याच्या कडेवरची अवस्था. बहुतेक चाहते पहिल्या पायरीवरच सुखानं नांदतात.

तालमीतला नाद आणि चादरीखालचा नाद

कोल्हापुरात राहणाऱ्याला चाहतेपण समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी, खंडोबा आणि दिलबहार अशी तालमींच्या फुटबॉल संघांची लढत असली की पेठेतल्या आज्जीलासुद्धा स्कोअर माहीत असतो. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात पेठांच्या चौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे कटआउट उभे राहिले, झेंडे लागले, न्हाव्याकडे पोरांनी त्यांच्यासारखे केस कापून घेतले. बाहेरगावचा माणूस हे बघून म्हणेल, ह्यांचं डोकं फिरलंय. मला उलट या पोरांची काळजी कमी वाटते.

कारण हे सगळं टोळक्यानं चालतं. ९ डिसेंबर २०२२ ला क्रोएशियानं ब्राझीलला पेनल्टीवर घालवलं तेव्हा पिवळ्या जर्सीवाला एकटा रडला नाही. शेजारी दहा जण रडत होते आणि समोर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे वीस जण चिडवत होते. चिडवणं हे कोल्हापुरी सांत्वन आहे. दुसऱ्या दिवशी त्याला कट्ट्यावर यावंच लागतं, उत्तर द्यावंच लागतं, आणि त्यातच त्याचा शोक उतरतो. मेस्सी हा निमित्त. खरी पकड तालमीची असते, आणि ती माणसं हाक मारली की येतात. अनिकेत जाधवसारखा पोरगा या शहरातून २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यामागेही घरात बसून पाहिलेला फुटबॉल नव्हता, मैदानावर उतरलेला होता. (टोळक्याचा तोटाही आहे, तो मैदानावरच्या हाणामाऱ्यांत दिसतो. त्यात सापडलेल्या पोराचा प्रश्न अटॅचमेंटचा नव्हे, पोलीस ठाण्याचा असतो.)

आता दुसरं चित्र बघा. रात्रीचे पावणेअकरा. घरात दिवे बंद. मोबाइलवर लाइव्ह सुरू होतं. पडद्यावरची ती केसांना क्लिप लावत, थेट डोळ्यांत बघितल्यासारखं बघत विचारते, 'जेवलात का सगळे?' खालून नावं सरकत असतात, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज, दुबई. त्यातलं एखादं ती मोठ्यानं वाचते, 'अरे, गडहिंग्लजवरून पण आहेत का!' ज्याचं नाव वाचलं त्याला चार दिवस पुरेल इतकं मिळालं. ज्याचं वाचलं नाही तो उद्या पुन्हा येणार. रोज मिळालं असतं तर कंटाळा आला असता, कधीच मिळालं नसतं तर नाद सुटला असता. कधीतरी मिळतं, म्हणूनच सुटत नाही. त्या कलाकाराचा यात काही वाईट हेतू असेलच असं नाही. तिचं ते काम आहे, आणि तिकडून बघितलं तर तिच्या समोर फक्त सरकणारी अक्षरं आहेत.

या शहरानं याआधीही तारे पाहिले आहेत. 'प्रभात' फिल्म कंपनीची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरातच झाली, ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओनं पुढे दशकानुदशकं इथं चित्रीकरणं पाहिली. पण तेव्हाचा नट वर्षाकाठी एखाद-दोन चित्रपटांत दिसायचा, आणि कधी प्रत्यक्ष रस्त्यात दिसलाच तर रुबाबाचा भ्रम तिथंच उतरायचा. आज तो दिवसातून पाच वेळा, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर दिसतो. फरक या वारंवारतेचा आहे, पोरांच्या पिढीचा नाही.

घरात कसं बोलावं

तेरा ते सोळा वर्षांची मुलं आई-बापापासून थोडी सुटून मित्रांकडे आणि कुणा दूरच्या आदर्शाकडे सरकतात. हे त्या वयाचं कामच आहे. दूरचा आदर्श सुरक्षित असतो. तो चिडवत नाही, हात धरत नाही, नापास झालं म्हणून बोलत नाही. तुम्ही त्यावर घाव घातलात तर मूल आदर्श सोडत नाही, तुमच्याशी बोलणं सोडतं.

हे करू नका:

- पोस्टर फाडणं, अकाउंट डिलीट करणं, पाहुण्यांसमोर 'हिचा नवरा आला बघा टीव्हीवर' म्हणणं. शेवटचं आपल्याकडे अगदी सहज होतं, आणि मुलं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत.
- 'तो तुला ओळखतो तरी का?' हा प्रश्न. त्याला तिच्याकडे उत्तर आहे: नाही. ते तिलाही माहीत आहे. फक्त आता ते तुम्ही जखमेसारखं दाखवलंत.
- चोरून फोन तपासणं. पैशाचा किंवा अनोळखी माणसाचा संशय असेल तर सांगून, समोर बसून तपासा.

बोलायचं असं: 'अगं, त्याचं तुला सगळ्यात काय आवडतं?' आणि मग गप्प बसून ऐका. मुलगी बोलते त्यात तिला काय हवंय ते सापडतं. कुणी म्हणेल 'तो कुणाला घाबरत नाही', म्हणजे शाळेत कुणीतरी घाबरवतंय. कुणी म्हणेल 'तो सगळ्यांचं ऐकून घेतो', आणि मग त्याचा अर्थ आपण काय लावायचा हे वेगळं सांगायला नको. एक भाग तिच्यासोबत बसून बघा. तुम्हाला आवडला नाही तर तसं म्हणा, पण बघून झाल्यावर म्हणा.

वेळेची मर्यादा घालायचीच असेल तर ती कलाकारावर नको, तासावर घाला. रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचा, बाबांचाही. नियम सगळ्यांना सारखा असला की तो टिकतो.

आई-वडील किंवा सासू-सासरे हे चाहते असतील तर पद्धत वेगळी. आज्जी मालिकेतल्या सुनेसाठी देवापुढे नवस बोलत असतील तर हसू नका. दिवसभर त्यांच्याशी बोलणारं घरात कोण आहे, ते मोजा. संध्याकाळी साडेसातला ठरलेल्या वेळी घरात येणारी ती एकच व्यक्ती असेल, तर टीव्ही बंद करून तुम्ही त्यांचा पाहुणा हाकलता आणि जागा रिकामी ठेवता.

मालिका संपली, लग्न झालं, माणूस गेला

'तुझ्यात जीव रंगला' ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०२१ चालली. करवीर तालुक्यातल्या वसगड्याचा वाडा बघायला लोक पोराबाळांना घेऊन यायचे, राणादाचं घर म्हणून. अशी मालिका संपते तेव्हा चार वर्षांची रोजची भेट थांबते. इस्रायली संशोधक जोनाथन कोहेन यांनी २००४ मध्ये हाच प्रश्न अभ्यासला: आवडतं पात्र पडद्यावरून गेलं तर किती त्रास होईल? नात्यांत धास्तावलेल्या माणसांनी सर्वाधिक त्रास होईल असं सांगितलं. म्हणजे तुम्हाला निरोप घेणं एरवीही जड जात असेल, तर मालिकेचा निरोपही जड जाईल. याचा अर्थ तुम्ही खुळे आहात असा नाही.

काय केलं की बरं पडतं:

1. दोन-तीन आठवडे हुरहुर राहणार हे धरून चला. 'एवढ्याशा गोष्टीसाठी' असं स्वतःला म्हणू नका.
2. त्या ठरलेल्या वेळेला दुसरी मालिका लगेच कोंबू नका. तो अर्धा तास रंकाळा तलावाकाठी चालायला वापरा, किंवा जी मैत्रीण तीच मालिका बघायची तिला फोन करा.
3. जुने भाग पुन्हापुन्हा बघणं चालेल, पण रात्री झोपताना नको.
4. कलाकार आणि पात्र वेगळे करा. राणा आणि अंजली यांचे कलाकार हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी डिसेंबर २०२२ मध्ये खरोखर लग्न केलं तेव्हा चाहत्यांचा आनंद गगनात मावेना. छान. पण दरवेळी पडद्यावरची जोडी खऱ्या आयुष्यात जमेलच असं नाही, आणि न जमल्यास नटीला शिव्या घालायचा हक्क कुणाला मिळत नाही.

आवडत्या ताऱ्याचं लग्न ठरल्यावर वाटणारं दुःख लोक सर्वात जास्त लपवतात. ते बहुधा मत्सराचं नसतं. 'त्याच्या आयुष्यात आपल्याला जागा आहे' असं मनानं गुपचूप धरलेलं असतं, आणि पत्रिकेनं ते फोल ठरवलेलं असतं. एका विश्वासू माणसाला हे मोठ्यानं सांगा. बोलल्यावर ते निम्मं होतं.

मृत्यू मात्र वेगळा. १४ जून २०२० ला सुशांतसिंह राजपूत गेल्यावर कित्येक घरांतली मुलं आठवडेच्या आठवडे त्याच बातम्यांत अडकून पडली, आणि वाहिन्यांनी तो शोक महिनोन्महिने उकळत ठेवला. अशा वेळी पहिलं काम बातम्या बंद करण्याचं. 'का, कसं, कुणी' यांत शिरलेलं मन शोक करू शकत नाही. दुसरं काम, शोकाला हातांनी काहीतरी करायला देणं. सीमेपलीकडे कर्नाटकात पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला अकाली गेले. त्यांचे डोळे दान करण्यात आले, आणि पाठोपाठ नेत्रदानाचे अर्ज भरायला चाहत्यांची रीघ लागली. चाहत्याचं दुःख असंही वळवता येतं.

आणि घरातलं कुणी 'तो नाही तर मी तरी कशाला' असं म्हणालं, गमतीत म्हणालं तरी, ते गंभीरपणे घ्या. एकटं सोडू नका, सरळ विचारा, आणि त्याच दिवशी शेवटच्या भागात दिलेल्या टेली मानसच्या क्रमांकावर फोन करा. विचारल्यानं कल्पना डोक्यात भरते, हा गैरसमज आहे.

स्वतःचा नाद आवरायचा असेल तर

एकदम तोडू नका, आठ दिवसांत दुप्पट होऊन परत येतो. सूचना येणं बंद करा, म्हणजे तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही जाल, त्यानं बोलावल्यावर नाही. मन बिघडलं की आधी एका माणसाला फोन आणि मग व्हिडिओ, हा क्रम महिनाभर पाळून बघा. मला यापेक्षा उपयोगी काही सापडलेलं नाही. आणि तो जे करतो त्यातलं थोडं स्वतः करा. गाणारा आवडतो तर गाण्याच्या क्लासला जा, पैलवान आवडतो तर पहाटे उठा. शाहू महाराजांचं कुस्तीचं खासबाग मैदान एकट्यानं बघण्यासाठी बांधलेलं नाही.

पैशाचा मामला

एकतर्फी ओढ ओळखून पैसे काढणारे लोक आहेत, आणि ते अटॅचमेंटचा अभ्यास न करता त्यात तरबेज आहेत. २०२५ च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या एका बाईंची गोष्ट जगभर छापून आली: ब्रॅड पिट असल्याची बतावणी करणाऱ्यांनी बनावट फोटो पाठवून त्यांच्याकडून आठ लाखांहून जास्त युरो काढले. आपल्याकडचा प्रकार छोटा, पण घाट तोच. तुम्ही कलाकाराच्या पोस्टखाली प्रतिक्रिया लिहिता. तासाभरात त्याच्याच फोटोचं, नावात एक अक्षर जास्त असलेलं खातं तुम्हाला निरोप धाडतं, 'तुझी कमेंट वाचून बरं वाटलं.' मग दुसऱ्या अ‍ॅपवर यायला सांगतात. मग 'मॅनेजर' येतो. मग फॅन कार्डाची फी, भेटीचं अनामत, पार्सल अडकल्याचे कस्टमचे पैसे. दरवेळी रक्कम परवडेल एवढीच असते.

- खऱ्या कलाकाराला चाहत्याकडून वैयक्तिक खात्यावर पैसे लागत नाहीत. अपवाद धरू नका.
- 'हे कुणाला सांगू नकोस' हे वाक्य आलं की तिथंच थांबा.
- पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून तास मोलाचे आहेत. गप्पा, क्रमांक, व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसू नका. लाज वाटली तरी पुसू नका.

कार्यक्रमांच्या तिकिटांचं वेगळं. १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मेस्सी आला. हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्या लोकांना मानकऱ्यांच्या गराड्यात तो धड दिसला नाही, आणि थोड्या वेळात निघूनही गेला. खुर्च्या आणि बाटल्या मैदानात पडल्या, आयोजकाला अटक झाली. खुर्ची फेकणाऱ्याला पैसे परत मिळत नाहीत, पावती जपणाऱ्याला मिळू शकतात. जाहिरातीत जे कबूल केलं ते दिलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूनं आहे:

- आधी आयोजकाला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्या.
- तरी दाद नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. कार्यक्रम कुठंही झालेला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातही, तक्रार दाखल करता येते.
- दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.
- तिकीट, पैसे भरल्याचा पुरावा आणि मूळ जाहिरातीचा फोटो, हे तीन कागद पुरेसे ठरू शकतात. जाहिरात नंतर गायब होते, म्हणून तिकीट काढतानाच तिचा फोटो काढून ठेवा.

पडद्यामागच्या माणसालाही हक्क आहेत

चाहत्याचं प्रेम हा परवाना नव्हे. घरापुढे तासन् तास थांबणं, खासगी क्रमांक मिळवून निरोप पाठवत राहणं, सेटवरून घरापर्यंत पाठलाग करणं, हे समोरच्या बाईला नकोय हे स्पष्ट झाल्यावरही एखादा पुरुष करत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा ठरतो आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावोगावच्या रीलवाल्या मुलींनाही हे लागू आहे. 'ती स्वतःच व्हिडिओ टाकते' हा बचाव होत नाही.

मदत कुठं, आणि तिथं तुमचे हक्क कोणते

झोप उडाली, काम थांबलं, कर्ज झालं, जगण्यात रस उरला नाही, किंवा तो आपल्यालाच खुणावतोय असं वाटू लागलं, यांतलं काहीही असेल तर थांबू नका.

टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर शहरात सीपीआर रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. जाताना 'नट आवडतो म्हणून आलोय' असं सांगायला संकोच वाटत असेल तर तिथून सुरुवात करू नका. किती तास झोप होते, भूक कशी आहे, काय करायचं सुटलं, किती पैसे गेले, हे एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना तेच हवं असतं, नटाचं नाव पुढे ओघानं येतं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार सरकारी सेवेत उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. तुमच्या आजाराची माहिती डॉक्टर तुमच्या मालकाला, कॉलेजला किंवा होणाऱ्या सासरला देऊ शकत नाहीत. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालक त्याच्या वतीनं निर्णय घेतात, तरी डॉक्टरांना मुलाशी थोडा वेळ एकट्यानं बोलू द्या. बाहेर बसायला सांगितलं तर राग मानू नका. याच कायद्यानं आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं बंधन कंपन्यांवर आहे. 'हे पॉलिसीत बसत नाही' असं तोंडी सांगून कुणी परत पाठवलं, तर नकार कारणासह लेखी मागा, आणि तो कागद हातात आल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.